शिकारी सायकल, सन १८९४

३ जानेवारी १९५५. सकाळी
आजपासून सायकलीचा पूर्ण रिपोर्ट लिहून काढायचा. रोज एक तास, चहा झाल्यावर. खोकला जात नाही. माझ्यामागे या घरात तिची माहिती सांगणारं कोणी नाही.

थोडक्यात हकीकत: मी जंगल खात्यात नाकेदार होतो. सत्तावीस वर्षांपूर्वी आमचे इंग्रज साहेब कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा बंगल्याच्या पायऱ्यांवर त्यांनी ही सायकल माझ्या हवाली केली. इंग्रजीत एक वाक्य बोलले. मी मराठी चौथी पास. पण चेहऱ्यावरून अर्थ कळला: तुझ्यासारखा नाकेदार पुन्हा मिळायचा नाही.

सायकल मधल्या खोलीत दोन ओंडक्यांवर उभी असते. वर गोधडी.

दुपारी
कमळाची नोकरीची ऑर्डर आली. कमळा माझी लेक, नवरा वारल्यापासून सहा वर्षं इथेच आहे. गेल्या वर्षी हट्टाने ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला गेली, पास झाली. एक फेब्रुवारीला सिंदेवाहीच्या ब्लॉक ऑफिसात हजर व्हायचं. चार गावं फिरायची, म्हणून स्वतःची सायकल सोबत पाहिजे. नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला.

तिने आपली घरचीच सायकल मागितली. मी समजावलं की ही साहेबाची शिकारी सायकल आहे. मधला आडवा दांडा नाही तो काऊन नाही? वाघ समोर आला तर टांग न टाकता उतरता यावं म्हणून. बायको गुणा तांदूळ पाखडत होती. म्हणाली, ते बाईमाणसाची सायकल होय, आंधळ्यालेही दिसते.
बायकांना मॉडेल समजत नाही.

५ जानेवारी
सीटखालच्या नळीवर आकडे सापडले. चिंच आणि राख लावून घासले. १, ८, मग गंज, मग ४. गंजाच्या जागी ९ असणार. म्हणजे सन १८९४. आमच्या जिल्ह्यात इतकी जुनी सायकल दुसरी नसेल.
घासून खांदा धरला. उद्या आराम.

६ जानेवारी
आराम झाला नाही, कारण मोठा शोध लागला. मागच्या मडगार्डला दोन्ही बाजूंनी बारीक भोकं आहेत, एका ओळीत, सारख्या अंतरावर. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. इतकी वर्षं पुसतो आहे आणि डोक्यात आलं नाही! साहेब शिकारी. मारलेल्या प्रत्येक जनावरामागे एक भोक. डावीकडे वाघ, उजवीकडे बिबटे.
कमळाला दाखवलं. तिने भोकांवरून बोट फिरवलं. म्हणाली, बाबा, ट्रेनिंगमधल्या सायकलीलेही अशीच भोकं होती. मी म्हटलं, त्या सायकली हिची नक्कल करतात.

९ जानेवारी
शाळेचे बिरजू मास्तर आले. साल ऐकून म्हणाले, मुखरूभाऊ, मलेरियावाल्यायनं तुमच्या दारावर चौदा नंबर टाकला, म्हणून घर चौदा सालचं होते का?
मास्तरांना इंग्रजी वाचता येतं, हीच त्यांची अडचण आहे. चहा दिला. दूध कमी घातलं.

१२ जानेवारी
सायकल घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आलो. हातात धरून. टायर देशी आहेत, पण त्यांनाही जीव आहे. वाटेत शेजारचा वारलू भेटला. विचारतो, भाऊ, एवढ्या सालात तुमी एकदाबी बसले नाई, काऊन? मी सांगितलं, तसा प्रसंग आला नाही. तो म्हणाला, वाघाले सांगू का, मुखरूभाऊच्या मागं लाग म्हणून?
या गावात कोणाशी गंभीर बोलण्यात अर्थ नाही.

१५ जानेवारी
सिंदेवाहीला धानाच्या फार्मवर तेवीस तारखेला प्रदर्शन आहे. बियाणं, नांगर, मोठे भोपळे. एका मांडवात जुन्या वस्तूही ठेवणार आहेत. तिथे नागपूरचे जाणकार येतील, साल कायम होईल, आणि सायकल योग्य जागी जाईल. नागपूरला काचेच्या कपाटात. खाली माझं नाव.
कमळाने विचारलं, आणि माझं काय? मी शब्द दिला की प्रदर्शनात कोणी विचारलं नाही तर सायकल तिची. हे बोलायला मला जड गेलं नाही, कारण तसं होणार नाही.

२० जानेवारी
माझ्या माघारी कोणी वर बसेल या भीतीने सायकलीला साखळी आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. गुणा म्हणाली, दिवाळीत मले साडीले पैसे नव्हते, कुलपाले आले. मी किल्ली पुन्हा चाचपली. खोकला.

२३ जानेवारी. संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही. तरी रिपोर्ट पूर्ण पाहिजे.

पहाटे निघालो. मी, कमळा, मध्ये सायकल. मांडवात जागा मिळाली ती एक भोपळा आणि एक फुटका नगारा यांच्यामध्ये. पुठ्ठ्यावर मी रात्रीच लिहून ठेवलं होतं: विलायती शिकारी सायकल. सन १८९४. वाघ ७, बिबटे ७. नागपूरचे कोणी जाणकार दिसले नाहीत. फार्मचे ओव्हरसियर आले, त्यांनी भोपळा वाजवून पाहिला.

दुपारी शकुबाई आली. ती बंगल्यावर मेमसाहेबांची आया होती. आता दात नाहीत, पण नजर आहे. लांबूनच ओरडली, अगं माय, हे तं आमच्या बाईची सायकल! लोक जमले. मी म्हटलं, साहेबांची. ती म्हणाली, साहेब कायले बसते? चार मणाचा माणूस, घोडं वाके त्याच्याखाली.
कोणीतरी तिला पुठ्ठा वाचून दाखवला. वाघ आणि बिबटे ऐकून ती जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. हसू आटोपल्यावर म्हणाली, मुखरूभाऊ, एवढे वाघ तं साहेबानं पाह्यलेबी नसन. ह्या भोकातून मी माह्या हातानं सुतळी ओवत होती. जाळी करून. बाईचा झगा चाकात जाये म्हणून.
साल विचारायची गरज नव्हती, पण एकाने विचारलं. मानमोडीचा ताप येऊन गेला त्याच्या दुसऱ्या साली, कोरी आली, मी खोका फोडताना होती, म्हणाली. मानमोडी १९१८ ची, म्हणजे सायकल १९१९ ची.
मी म्हटलं, पण साहेबांनी ती मला स्वतः दिली. जाताना दोन शब्द बोलले. हो, म्हणाली, मी बाजूलेच होती. बाईच्या हाताखाली राहून इंग्रजी समजे मले. साहेब म्हणाले, गाडीत जागा नाई, जो जवळ उभा हाये त्याले देऊन टाका.

सगळा मांडव हसला. ओव्हरसियरही. कमळा हसली नाही. तिने पुठ्ठा काढून घडी करून पिशवीत टाकला. ती हसली असती तर बरं झालं असतं.
येताना सायकल कमळानेच ढकलली.

२४ जानेवारी
अंग मोडून आलं. पडून आहे.
विचार केला. बंगल्यावर त्या दिवशी तीस माणसं होती. त्यांतला मी जवळ उभा होतो. जवळ उभं राहणं हीसुद्धा ड्युटीच आहे.

२६ जानेवारी
शाळेत झेंडा. गेलो नाही. लोक भेटले की वाघ कसे आहेत विचारतात.
कमळाने शब्दाची आठवण करून दिली. मी म्हटलं, प्रदर्शनात विचारलं नाही असं कसं? सगळ्यांनीच विचारलं. ती म्हणाली, बाबा, मी भांडायले नाई आली. एक तारखेले मी सायकलीशिवाय उभी राह्यली तर पुढच्या बाईले बोलावतीन. मंग मी इथीच. तुमच्या गोधडीखाली.
तिला असं बोलायला कोणी शिकवलं माहीत नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील.

२८ जानेवारी
अटी ठरवल्या. पावसात न्यायची नाही. उतारावर बसायचं नाही. कोणाला द्यायची नाही. घंटी कारणाशिवाय वाजवायची नाही. कमळाने सगळ्या मान्य केल्या. त्यामुळे आणखी विचार करावा लागेल.

३० जानेवारी
किल्ली सापडत नाही असं सांगितलं. गुणा म्हणाली, करगोट्याले हात लावून पाहा. मग ती चुलीकडे वळून म्हणाली, पोरीनं सहा साल ह्या घरात खाली मान घालून काढले. तुमी एक लोखंड उभं करून ठेवलं, एक लेक उभी करून ठेवली. एकीवर तरी गोधडी नोका टाकू.
जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

३१ जानेवारी. रात्री
साखळीला तेल दिलं. कुलूपही गंजू लागलं होतं, म्हणून उघडून पाहिलं. चालतं. त्यालाही तेल सोडलं, ते मुरेपर्यंत लावू नये. तसंच उघडं ठेवलं.

१ फेब्रुवारी. सकाळी
उठलो तेव्हा सायकल अंगणात. गुणाने बोलावलेली शकुबाई पहाटेच आलेली, मला कोणी सांगितलं नव्हतं. मडगार्डच्या भोकांतून सुतळी ओवून झालेली. जाळी चांगली दिसते, हे मान्य करावं लागेल.
कमळा एकटी जायला तयार होती. बापाने सोबत असणं बरं दिसतं, म्हणून निघालो.

संध्याकाळी
ती सायकलवर, मी पायी. सुरुवातीला हळू चालवत होती, मग हळू चालवता येत नाही म्हणाली. पुढे जाऊन मोहाच्या झाडाखाली थांबायची. मी पोचलो की निघायची. म्हणजे विसावा तिला. पळसगावच्या फाट्यानंतर मी थांबायचं नाव काढलं नाही, कारण मग पुन्हा उठवलं नसतं.

ऑफिसात मोठ्या बाईंनी ऑर्डर पाहिली, सायकलकडे एक नजर टाकली, ब्रेक दाबून पाहिला, ठीक म्हणाल्या. तेवढंच. साल विचारलं नाही. मी सांगायला तयार होतो.
त्यांनीच लगेच कमळाला पहिलं गाव दाखवायला नेलं. दोन सायकली, दोन बाया. वळणावर कमळाने घंटी वाजवली. समोर कोणी नव्हतं. कारणाशिवाय.

परत एकटा निघालो. मैलभर आल्यावर लक्षात आलं की धरायला सायकल नाही, हातांचं काय करावं ते कळत नाही. मागे बांधले तर खांदा दुखतो. पुढे सोडले तर वाटेत भेटणाऱ्याला वाटतं, भाऊ काही मागून राह्यले. शेवटी रस्त्याकडेच्या सागाची एक बारीक फांदी मोडून काठी केली. परवान्याशिवाय. नोकरीत असतो तर स्वतःलाच पकडून नाक्यावर नेलं असतं.
काठी वाकडी निघाली. तरी घरापर्यंत आणली.