खोकंभर पुस्तकं, वाचायले एकबी नाई

केनवड, १४ मे

प्रिय नरेंद्रदादा,

सप्रेम जयभीम. 'प्रिय' लिहिलं ते शाळेत तसं शिकवलं म्हून, नाईतर आज तुले प्रिय म्हणायची माही बिलकुल इच्छा नाई. फोन केला असता त 'मीटिंगमंधी आहो, मंग बोलतो' म्हणून तू ठेवून देला असता. पत्र मधातच तोडता येत नाई. आता बस अन् पूर्ण वाच.

तुह्यं खोकं मंगळवारी पोचलं. बांधलं त असं मजबूत की सुतळी तोडता तोडता माह्या बोटाले फोड आला. सत्तावीस पुस्तकं, अन् सत्तावीसच्या सत्तावीस एकच! तुह्यंच! तो पीएचडीचा प्रबंध, छापून काढलेला अन् न खपलेला. दादा, मी काय मागतलं होतं तुले? होळीच्या आधी फोनवर तीनदा सांगतलं, उन्हाळ्यात वाचायले गोष्टीची चांगली पुस्तकं धाड, मोठ्या अक्षराची, ज्यात माणसं एकमेकाशी बोलतात अशी. तू 'हो हो, पाठवतो' म्हणला अन् घरातली अडगळ आमच्याकडं लोटून देली. पुण्यात जागा पुरत नाई म्हून केनवडले तुह्यं गोडाऊन हाये काय?

अठी पुस्तक भेटणं काय असते, तुले आठवत नसन आता. शाळेत कपाट हाये, पण सुट्टी लागली की किल्ली गुरुजीसंगं त्याइच्या गावी जाते. रिसोडच्या स्टँडवरची दोन दुकानं मी पालथी घातली. पोलीस भरती, तलाठी भरती, पंचांग, लोणच्याचे प्रकार. 'गोष्टीचं पुस्तक हाये का' म्हणलं त दुकानदार मलेच इचारते, कोणत्या परीक्षेले लागते म्हणून! विहारात ग्रंथ हायेत, पण जाड अन् बारीक अक्षराचे, नव्या माणसाले पेलत नाईत. म्हून तुह्या तोंडाकडं पाहत होतो आमी. प्रोफेसर माणूस तू, पुस्तकांच्या गावात घर तुह्यं.

तू म्हणशीन, सपना पाचवीत हाये, तिच्या वयाचं काई धाडलं नाई म्हून एवढा तमाशा? अरे बापा, पुस्तकं माह्या पोरीसाठी नव्हतीच. आईसाठी होती.

हाव, आईसाठी. दोन वर्षं झाली, आपली आई वाचायले शिकून राह्यली. सपनानं शिकवलं, तिच्या दुसरीच्या पुस्तकावर. निंदणाहून आली की आई हातपाय धुऊन तिच्याजवळ बसायची. पह्यले एसटीची पाटी, मंग खताच्या पोत्यावरचं, मंग लग्नपत्रिका. पत्रिका त अशी वाचते की खालच्या लेकराइची नावंबी सोडत नाई. मार्चमंधी शाळेत जाऊन मोठ्या माणसाइची साक्षरतेची परीक्षा देऊन आली, अन् सर्वेच्या यादीत तिच्या नावासमोर 'निरक्षर' लिहिलं होतं, ते गुरुजीसमोर उभं राहून खोडून घेतलं. तुले सांगायचं नाई अशी माह्याकडून शपथ घेतली होती. तिले यंदा आषाढ पौर्णिमेले विहारात ग्रंथ वाचायचा होता. चाळीस वर्षं ती पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यात, मांडी घालून दुसऱ्यानं वाचलेलं आयकत आली, यंदा एक पान तिचं होतं. यादीत नावबी देलं होतं. तुले बोलवायचं, समोर बसवायचं अन् मंग वाचायचं, असा तिचा बेत. हळद निघाली, वावर रिकामं झालं, आता दोन महिने गोष्टी वाचून वाचून जीभ सुटली पाह्यजे, म्हणत होती.

खोकं आलं तवा शेजारची रुपाबाई बसली होती. आईनं चष्मा लावला, पदरानं हात पुसले अन् वरचं पुस्तक उचललं. लेकाचं नाव वाचून अशी हरखली! 'आयक रुपाबाई' म्हणली, पान उलटलं अन् बोट ठेवून मोठ्यानं वाचायले लागली. घराबाहेरच्या माणसासमोर पह्यल्यांदा. तुह्या पुस्तकाच्या पह्यल्या पानावर काय छापलं हाये, याद हाये का तुले? नसन त मी लिहिते. 'माझ्या निरक्षर आईस, जिला यातलं एक अक्षरही कधी वाचता येणार नाही.'

आईनं ती अख्खी ओळ वाचली, दादा. जोडाक्षरासकट, एकबी चूक न करता.

मंग पुस्तक मिटलं. रुपाबाई बिचारी खाली पाहत बसली. आई एवढंच म्हणली, 'बराबर लिहिलं त्यानं.' तरी दोन दिवस ती तुह्यं पुस्तक घेऊन बसली, लेकाचं हाये म्हून. तक्ते, टक्के, दहा दहा ओळीचं एक वाक्य. बारावी झालेल्या मले समजत नाई त तिले काय समजन! पण तिनं दोष स्वतःलेच देला. 'अक्षरं आली तरी मी अडाणीच' म्हणली अन् विहारात जाऊन नाव काढ म्हणून सांगून आली. माह्या अंगाचा असा भडका उडाला, तू समोर असता त ते सत्तावीसही तुह्या डोक्यात घातले असते.

तू म्हणशीन, ते तीन वर्षांआधी छापलं, तवा तिले वाचता येत नव्हतं, मले काय मालूम. कबूल. शपथ पाळली ती चूक माही. पण पुढंबी येणार नाई, हे तुले कोणं सांगतलं होतं? आईच्या अख्ख्या जिंदगीचा निकाल लावून तू मोकळा! प्रकाशनाच्या कार्यक्रमात त्या ओळीवर लोकाइनं डोळे पुसले असतीन, तुले बरं वाटलं असन. आईले एकदा इचारायचं तरी होतं, की तुह्याबद्दल असं छापू का म्हणून.

आता एक काम कर. दुकानात स्वतः जा, उभ्यानं चार पानं वाचून पाह्य, अन् एक चांगलं पुस्तक निवड. एकच. ते टपालानं धाडजो नको, घेऊन ये. तिच्यासमोर बस अन् तिले वाचू दे. यादी विहारातल्या प्रसेनजितकडं हाये, तिचं नाव मी त्याले अजून पुसू देलं नाई.

अन् फोन सोडून पत्र काहून लिहिलं, ते आखरीले सांगते. पुस्तकं भेटली की 'भेटली' म्हणून तुले पत्र धाडायचं, तेबी स्वतः लिहून, असं आईनं ठरवलं होतं. त्यासाठी तिनं पोस्टातून पाकीट आणलं अन् खोकं यायच्या आधीच दोन दिवस बसून त्यावर पत्ता लिहून ठेवला. आतलं पत्र मंग तिनं लिहिलंच नाई. ते पाकीट चुलीत घालत होती, मी हिसकून घेतलं, अन् त्यातच हे पत्र घातलं हाये. फाडून फेकलं असशीन त केरातून काढ अन् नीट पाह्य. तुह्यं नाव, कॉलेजचं नाव, पिनकोड. ते अक्षर माह्यं नाई.

लय रागावलेली, तरी तुहीच,
सुकेशनी