वीस-वीसच्या पाच ओळी

मंगळवार, १४ जुलै. पुणे

अन् वरून सुपरवायझर मलाच म्हणते, तुला मोजता येत नाही! सातवीत शाळा सोडली मी, पण शंभरपर्यंत येते ना बापा. गोदामात एका खोक्याची नोंद आधी मोबाईलमध्ये, मग रजिस्टरात, मग भिंतीवरच्या फळ्यावर. तीन जागी काऊन? आज तिन्हीकडे तीन आकडे निघाले अन् ट्रक दारात उभा.

मग मी खोके जमिनीवर मांडले. माय उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे मांडते तसे, वीस-वीसच्या पाच ओळी. दुरूनच दिसते, शंभर आहेत. एक कमी असला तर तिथं भोक दिसते. असे शंभराचे चार गट. ड्रायव्हरनं एक चक्कर मारली अन् म्हणाला, "चारसौ. चलो, भरो."

तेवढ्यात सुपरवायझर आला. "ए गोंदिया, हे जंगल आहे का? मोबाईलमध्ये नाही तर माल नाही."

"साहेब, माल तुमच्या पायाजवळच आहे."

सगळे हसले. तिथंच माझं बिघडलं. नोंद उशिरा केली म्हणून दोन दिवसांची मजुरी कापली, बाराशे रुपये. सगळे हसले म्हणून कापली, मला माहीत आहे. तोंड बंद ठेवलं असतं तर? पण मोजणी तर बरोबरच होती!

परवा आमच्या धानाच्या बांधीत रोवण्याला बाया येऊन राहिल्या. त्यांच्या मजुरीले मी मायले पाच हजार कबूल केले होते. आता तिला फोनवर काय सांगू? वीस-वीसच्या पाच ओळी मांडल्या म्हणून कापले? तिलाच पटणार नाही.

उद्याही तसेच मांडीन. धाडून राहिलो तीन हजार आठशे.