पांढरी पाचच्या जरा वर

बुवा, तुमची गिरणी आता नाही. तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. परवा बघून आले. मुद्दाम गेले होते असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं कशाला, निघाले होते असल्फ्याला मैत्रिणीकडे आणि रिक्षा आपल्या चाळीखालून गेली म्हणून उतरले. माझं अजून तसंच आहे, निघते एकीकडे, पोचते भलतीकडे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. सांगण्यासारखं बरंच साचलंय आणि त्यातलं बहुतेक चांगलं आहे, म्हणून लिहायला बसले. मी गाते, बुवा. म्हणजे तेच काम करते. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकते आणि लोक ऐकतात. मला कोणी नेमलेलं नाही, त्यामुळे कोणी काढूनही टाकू शकत नाही.

आठवतंय? दुपारचे अडीच-तीन झालेत. आईने गव्हाचा डबा हातात दिलाय आणि मी शाळेला दांडी मारून तुमच्या दारात उभी आहे. तुमच्या भुवया पांढऱ्या, हातावरचे केस पांढरे, चष्म्याच्या काचांवर पीठ. "काय गो चेडवा, आज शाळा नाय?" मी म्हणते, मास्तर आजारी आहेत. "काल बाई आजारी, आज मास्तर. मगे ती शाळा हास्पिटलातच हलवा." कापडगिरणी बंद पडल्यावर तुम्ही ह्या पिठाच्या गिरणीत लागलात आणि कोणी हळहळलं की म्हणायचात, "गिरण सुटली नाय माका, नुसता कापडाचा पीठ झाला." संध्याकाळी तुम्ही आपल्या कोकणातल्या लोकांच्या भजन मंडळाचे बुवा, आपल्या चाळीची अख्खी टेकडी तुम्हाला ओळखायची. दुपारी मात्र मी एकटी तुमचं मंडळ. वरून कोणाचं तरी दळण पडत असायचं, मोटर घुमत असायची, आणि त्या घुमण्यावर तुम्ही एक ओळ टाकायचात. ती उचलून मी तुम्हाला परत द्यायची. झील धरणं मी तिथे शिकले. पेटी नाही, तंबोरा नाही. आवाज पिठाच्या धुरळ्यातून समोरच्या भिंतीला लागला पाहिजे, एवढीच शिकवणी. दगडाला टाकी लावायच्या दिवशी गिरणी बंद असायची, त्या दिवशी मी गायले की तुम्ही छिन्नी थांबवून विचारायचात, "आज सूर घराक ठेवन इलंस काय?" मला वाटायचं, ठोकण्याच्या आवाजाने होत असेल.

सातवीत असताना चाळीच्या सत्यनारायणाला मी स्टेजवर एक सिनेमातलं गाणं म्हटलं. हुबेहूब. श्वाससुद्धा त्या गायिकेच्या जागांवर घेतले. टाळ्या पडल्या, कोणीतरी पेढा भरवला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. माझ्या आधीच्या बाईंची बाजरी पडत होती. ती संपली आणि तुम्ही माझे गहू सरळ त्यावर ओतायला घेतलेत. मी ओरडले, "बुवा, बाजरीवर नको, आई मारेल मला." गव्हावर गहू येईपर्यंत थांबायचं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तुम्ही डबा खाली ठेवलात. "घरच्या चपातीत दुसऱ्याची बाजरी चालत नाय. आणि गळ्यात चालता?" मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. गव्हावाली दुसरी बाई येईपर्यंत तासभर मला त्या बाकड्यावर बसवून ठेवलंत.

त्याच वर्षी गणपतीत मंडळात पहिल्यांदा मुलगी बसली, ती मी. तुम्ही मला तुमच्या डाव्या हाताला बसवलंत, हातात टाळ दिलेत आणि कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मला आयुष्यात कोणी काय दिलं असं विचारलं तर मी ती सतरंजीवरची वीतभर जागा सांगते. दुसऱ्याच अभंगाला पेटीवाले काका म्हणाले, "बुवा, ह्या चेडू जरा वर जाता, पेटीत बसत नाय." तुम्ही मागे न वळता म्हणालात, "पेटीक सांग जरा वर येवक." सगळे हसले. मीही हसले.

मी दहावीत होते तेव्हा तुम्ही गेलात. मग माझा कशातच पाय टिकेना. बारावी अर्ध्यात सोडली. गोव्यात एका हॉटेलात भांडी, मग हिमाचलात एका होस्टेलच्या गच्चीवर लोकांना चहा, मग कोणाबरोबर तरी ट्रकमधून राजस्थान, ते जाऊ दे, तो वेगळाच पसारा आहे. परत आले आणि खारदांड्याला एका कोळीणमावशीकडे खोली घेतली. तिच्या दारात बांबूंवर बोंबील वाळत असायचे आणि कावळे हाकलायचं काम माझं. तुम्हाला सांगते, कावळ्याला गाण्याची भीती वाटत नाही, गाणं थांबलं की वाटते. अर्धी ओळ म्हणून एकदम गप्प झालं की उडतो. तर, कुठे होते मी. हां, तिथेच फोन एका टोपलीला टेकवून मी पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. कायम चुकीच्या स्टॉपवर उतरणाऱ्या मुलीचं. "उतरले मी मधेच गं, तरी घर मला सापडलं." मागे बोंबील, मध्ये मावशीची हाक, सगळं तसंच टाकून दिलं आणि झोपले.

ते चाललं. मग दुसरं चाललं. दुबईतली एक नर्स ड्युटी संपली की ऐकते, लातूरचे एक सर वर्गात लावतात, कोणाच्या तरी बारशात माझी ओळ पाळण्यावर लिहिली. रोज सकाळी मी उत्तरं लिहीत बसते, एकेकाला. आई म्हणते, "अगं, ह्यांच्यातलं आपल्या नात्यातलं कोण?" मी म्हणते, आता सगळेच. पण एक तक्रार सारखी यायची. "ताई, स्केल सांगा ना, गिटारवर बसत नाहीये." "ताई, गिटारच्या दांडीला कॅपोचा चिमटा लावून पाहिला, तरी नाही." आणि मग गाण्याच्या एका क्लासवाल्याने व्हिडिओच केला, माझं गाणं लावून शेजारी पेटी वाजवली आणि म्हणाला, बघा, ही मुलगी सुरात नाही, भोळे लोक फसतात. त्याखाली माझी गाणी ऐकणारेच हसलेले बघितले. शिक्षण नाही, नोकरी नाही, एवढा एक गळा होता. तोच खोटा निघाला तर?

नेमकं तेव्हाच अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीने ते पहिलं गाणं नव्याने, नीट स्टुडिओत करायला बोलावलं होतं. मी गायले. साउंडवाल्याने हेडफोन काढले. "तुझा सा कुठला आहे, बॉस? पेटीवर पांढरी पाचच्या जरा वर आणि तिच्या शेजारच्या काळी चारच्या खाली. दोघींच्या फटीत बसलीयस तू."

"म्हणजे बेसुरी ना?"

"बेसुरी असतीस तर इकडेतिकडे गेली असतीस. तू पूर्ण गाणं त्याच फटीत गातेस, केसभर हलत नाहीस. हे मी पहिल्यांदा बघतोय. पण वाद्यं बसणार कुठे? नीट करून देतो."

आणि त्याने एक बटण दाबून माझा आवाज ओढून पांढरी पाचवर आणला. ऐकलं, आणि मी लगेच हो म्हटलं. लोकांना मी सांगते की मी तिथून उठून निघून आले. तसं झालं नाही. मी हो म्हटलं, थँक्यू म्हटलं, त्यांचं सँडविच खाल्लं आणि घरी आले. दोन दिवसांनी ते लावून त्याच्यासोबत गायला गेले तर जमेना. माझंच गाणं, माझाच आवाज, आणि मी त्याला झील देऊ शकत नव्हते. दर ओळीला मी वर, ती फोनमधली खाली. चार दिवस मी गायलेच नाही.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "नुसती बसलीयस तर दळण घेऊन जा." खारदांडा सोडून मी आईकडे राहायला आले होते, चाळ सुटल्यावर तिने घेतलेल्या घरी; तिथली गिरणी मागच्या गल्लीत, दुसऱ्या कोणाची तरी. डबा ठेवला, बाकड्यावर बसले. गिरणीवाल्या भैय्याने बटण दाबलं, मोटर चढत गेली, चढत गेली आणि एका जागी स्थिर झाली. आणि बुवा, मी विचार न करता सा लावला. तो इतका आत जाऊन बसला की माझा आवाज कुठे संपतो आणि मोटर कुठे सुरू होते ते मलाच कळेना. फोनवर सूर दाखवणारं ॲप उघडलं आणि मोटरजवळ धरलं. काटा थांबला पांढरी पाचच्या जरा वर. मग गायले. काटा हललाच नाही. भैय्या म्हणाला, "क्या मॅडम, आटे का फोटो?" मी हसत सुटले ते थांबेचना. पीठ नाकात गेलं, शिंका आल्या, तरी हसतच होते. मी बेसुरी नव्हते. मी दुपारी तीनला तुमच्याकडे शिकलेली मुलगी होते. नंतर साउंडवाल्याने सांगितलं, विजेची लय सगळीकडे एकच, सेकंदाला पन्नास आवर्तनं, म्हणून मोटरी सगळीकडे त्याच सुरात घुमतात.

कंपनीला कळवलं की ते गाणं बाहेर काढू नका. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "डिअर, लोक पिठाच्या गिरणीला फॉलो करत नाहीत." मी त्याच गिरणीत उभं राहून व्हिडिओ केला, तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, बाजरीचं पण, आणि म्हटलं, गिटारवाल्यांनो, स्केल पाहिजे ना, मग जवळच्या गिरणीत जा आणि तिथे तारा लावा. लोक गेले, बुवा. सांगलीची एक मुलगी गिटार घेऊन ज्वारीच्या रांगेत उभी. नागपूरच्या दोघांना गिरणीवाल्या काकूंनी आधी दळण आणा मग वाजवा म्हणून परत पाठवलं, ते खरंच गहू घेऊन आले. त्या क्लासवाल्यानेही जाऊन बघितलं आणि व्हिडिओ काढून टाकला. माफी मागितली नाही, पण चालेल.

मागच्या महिन्यात मुलुंडला माझा पहिला स्वतःचा कार्यक्रम झाला. फोनवर ऐकणारे लोक चप्पल घालून, रिक्षा करून येतील का, ही भीती होती. हॉल भरला, मागे उभे राहिले. माझी गिटारवाली मैत्रीण स्टेजवर पिशवीतून गिटार काढत होती आणि मी पाणी पीत होते, तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी सुरू केलं, "उतरले मी मधेच गं," आणि अख्ख्या हॉलने उचललं. वाद्य नाही, कोणी सूर दिलेला नाही. मैत्रिणीने सूर दाखवणारा ट्यूनर माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "अगं यार, बघ तरी." शेकडो माणसं, पांढरी पाचच्या जरा वर. मला गावंच लागलं नाही, पहिलं कडवं त्यांनीच म्हटलं. मी नुसती उभी होते, आणि पहिल्या रांगेत आई दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तुमच्या मुलाला द्यावं असं मनात आलं होतं, तो बोरिवलीला असतो म्हणे. पण त्याने ते घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं असतं, आणि मग मला ही शेवटची गोष्ट लिहिता आली नसती. अंधेरीच्या त्या माणसाने सरळ करून दिलेलं गाणं मी अजून पुसलेलं नाही. फोनमध्ये आहे. आई झोपली की कधीतरी कानात लावून ऐकते. खूप छान वाटतं, बुवा.