पाच बंदांचं झबलं

बाबा, परवा कुरिअरवाल्यानं एक पुडकं आणून दिलं. पणतूसाठी रात्री घालायचा पोशाख. मानेपासून पायापर्यंत एकच कापड, चेन पाठीमागे, आणि चेनचं टोक झाकायला वर एक पट्टी, तिला टिचबटण. नातसून म्हणाली, "आजी, आता काढून दाखव म्हणावं त्याला." आमचा पणतू दीड वर्षाचा आहे आणि अंगावर कपडा राहिला की त्याला जणू मुंग्या चावतात. रोज पहाटे पाहावं तर स्वारी दिगंबर. मी तो पोशाख उलटा करून शिवण पाहिली. शिवण कच्ची आहे, काखेत कापड कमी सोडलंय. तू असतास तर शिवणाऱ्याला चार शब्द ऐकवले असतेस. पण मागून उघडणारं, वर पट्टी असलेलं ते कापड मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले, माझं मलाच कळलं नाही. चहा निवून गेला. मग वही काढली. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा तू दोऱ्याला गाठी मारून ठेवायचास, छातीची गाठ वेगळी, बाहीची वेगळी. तरी लिहिते आहे.

तेव्हा आपला जिल्हा चांदा. गडचिरोली वेगळा झाला तो तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी. तू बाजारचा शिंपी होतास. आज या गावचा आठवडी बाजार, उद्या त्या गावचा, आणि आठवड्यातून एकदा वडशाचा, जिथं रेल्वेची शिट्टी ऐकू आली की मी चाक फिरवायचं विसरायची. हातमशीन किराणावाल्याच्या बंडीत, मशीनला गोधडी गुंडाळलेली, गोधडीवर मी, आणि माझ्या मांडीवर धाकटा भाऊ. पहाटेचं धुकं बांधांवर बसलेलं असायचं. धान कापून झालेलं, त्याच्या ओल्या तणसाचा वास, बैलांच्या गळ्यातली घुंगरं. मी अर्धी झोपेत आणि अर्धी जागी. अजूनही कधीकधी झोप लागता लागता मला माझं अंथरूण हलल्यासारखं वाटतं, आणि मी मनात म्हणते, आता मोहाचं झाड येईल, मग नाला, मग बाजार. तू मोहाच्याच सावलीत पोतं अंथरून बसायचास. तू कापड सरकवायचास, मी चाक फिरवायची. तुझ्या "हां" वर थांबायचं आणि तुझ्या "चाल" वर सुरू. दिवसभर आपण दोघं एवढंच बोलायचो, आणि मला ते पुरायचं.

आई धाकट्याच्या बाळंतपणात गेली. मावशीनं त्याला दीड वर्ष सांभाळलं आणि चांगला पळू लागल्यावर आणून सोडलं. मावशीकडे पोरं उघडीच हिंडायची, त्यामुळे कपडा म्हणजे शिक्षा असं त्यानं ठरवूनच टाकलेलं. दिवसा एक वेळ चालायचं, मी मागे लागून घालायची. पण रात्री सगळे झोपले की तो शांतपणे, न रडता, न कुरकुरता, सगळं काढून बाजूला ठेवायचा आणि तणसाच्या अंथरुणावर उघडा झोपायचा. वर घातलेलं पांघरूण तर पहिल्याच लाथेला पायथ्याशी. कुडाच्या भिंतीतून वारा यायचा. पौषात त्याचं पोट उडायला लागलं, श्वासाला शिट्टी वाजायला लागली. वैद्य आले, पोटाला शेक दिला, कसलासा काढा पाजला आणि जाताना अंगणात तुला म्हणाले, "डबा होता, भाऊ. या डावी वाचला. आता पुन्हा गारवा लागला त मंग माह्या हातात काई नाई." मी दारात उभी होते. डब्यानं छाती भरून गेलेली पोरं मी गावात पाहिली होती. नऊ वर्षांच्या मला एवढं कळलं की हा पोरगा आता रात्री उघडा झोपला तर मरणार आहे.

साऱ्या बाजाराला कपडे घालणारा माझा बाप आपल्या पोराच्या अंगावर एक झबलं टिकवू शकत नाही, याचं लोकांना हसू यायचं. तुला नाही. पहिलं झबलं शिवलंस ते बटणं पाठीला लावून. "आता काढ बेट्या," म्हणालास. सकाळी झबलं कोपऱ्यात, सगळी बटणं जशीच्या तशी लावलेली, आणि हा उघडा. गळ्यातून निघाला होता. दुसऱ्याचा गळा लहान केलास, तर यानं हात आतल्या आत ओढून घेतले आणि झबलं पायातून खाली काढलं. मग तू एक पूर्ण दुपार गिऱ्हाईक परत पाठवून बसलास आणि ते पाच बंदांचं झबलं केलंस. खाली पाय शिवलेले, मागे उघडं, पाच ठिकाणी बंद, आणि बंदांवर झाकण म्हणून रुंद पट्टी. मला ते इतकं सुंदर वाटलं होतं, बाबा! त्या रात्री तो गोठ्यातल्या म्हशीसारखा खांबाला पाठ घासत बसला, आणि पहाटेपर्यंत पाचही बंद सुटलेले. निरगाठ मारली तर ती पाठीला रुतायची, तो रडायचा, रडला की खोकला, खोकला की शिट्टी. मग तू जागायला लागलास. चार रात्री त्याच्यापाशी बसून काढल्यास आणि पाचव्या दिवशी बाजारात मशीनची सुई तुझ्या बोटातून आरपार गेली. चाक माझ्या हातात होतं. तू ओरडला नाहीस, फक्त "हां" म्हणालास, मी थांबवायला.

त्याच संध्याकाळी मी तुला म्हटलं, "बाबा, झबलं अंगावरच शिवून टाक ना. सकाळी उसवू. दहा टाके त लागतीन."

तू मला मारलंस. त्याआधी कधी नाही, त्यानंतर कधी नाही. पट्टी बांधलेल्याच हातानं मारलंस, म्हणून मला लागलं त्याहून तुला जास्त लागलं असणार. "अंगावरच्या कपड्याले सुई नाई लावत! पुन्हा तोंडातून काढशीन त पाहाय!" एवढं बोलून बाहेर निघून गेलास. आपल्याकडे अंगावरचा कपडा शिवत नाहीत, हे मलाही माहीत होतं. अगदीच वेळ आली तर घालणाऱ्यानं दातात धागा नाहीतर काडी धरायची, म्हणजे दोष लागत नाही, असं बाया म्हणायच्या. पण मी काही वाईट बोलले नव्हते. मी त्याला वाचवायचं बोलले होते. गाल रात्रभर गरम होता, आणि मी फार हट्टी होते. तुझ्यावरच गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी ते केलं. जेवणं झाली की तू पडवीत दिव्यापाशी काजं करायला बसायचास आणि मी आत धाकट्याला निजवायची. पाच बंद बांधायची. मग तणसातली एक काडी काढून त्याच्या तोंडात द्यायची. तो थू करून फेकायचा. दुसरी द्यायची, थू. तिसरी, थू, आणि वर हसायचा. त्याला तो खेळच वाटायचा. शेवटी मी काडीविनाच शिवायची. डाव्या हाताची बोटं झबल्याच्या आतून त्याच्या पाठीला लावायची, म्हणजे सुई टोचली तर माझ्या बोटाला टोचेल, आणि पट्टीखाली धावदोरा घालत जायची. त्याची पाठ भाकरीसारखी ऊन असायची. बोटांखाली बरगड्या, बरगड्यांच्या आत ती बारीक शिट्टी. टाके संपायच्या आत तो झोपायचा, आणि मी हात तसाच आत ठेवून कितीतरी वेळ बसायची. शिट्टी कमी झाली का ते बोटांनी ऐकायची. पहाटे तू नदीवर गेलास की मी दोरा ओढून काढायची, गोळा करून चुलीत टाकायची. पण त्याच्याही आधी, डोळे उघडल्याबरोबर, त्याच्या नाकाखाली बोट धरायची. अंगावर शिवलं म्हणून तो मेला तर नाही ना, हे पाहायला. रोज. चाळीसेक दिवस तरी.

आणि तू रोज सकाळी परत येऊन पाहायचास, झबलं अंगावर! पहिल्या दिवशी तर ओल्या कपड्यानंच त्याला उचलायला निघाला होतास. "पाह्य वं पोरी, पाच बंद! म्या म्हटलं नव्हतं?" मी हो म्हटलं. मोह गळायला लागला तेव्हा वैद्यांनी त्याच्या छातीला कान लावला आणि म्हणाले, "सुटला, भाऊ." तू साऱ्या बाजाराला सांगत सुटलास. पुढच्या हिवाळ्यात तुझं पाच बंदांचं झबलं मागायला बाया दुसऱ्या गावांहून यायच्या. एक बाई भांडायलाच आली. "माह्या पोरानं त एका रात्रीत काढलं, जी!" तू शांतपणे म्हणालास, "बाई, तुम्ही बंद बराबर बांधले नसतीन." मी खाली मान घालून चाक फिरवत होते. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग मी सतरा वर्षांची आहे आणि आपल्या दारात नवऱ्याकडची बंडी उभी आहे. निघताना दाराच्या खिळ्यात अडकून माझ्या चोळीची बाही फाटते. काकू सुई घेऊन पुढे येते, तर तू तिच्या हातातून सुई हिसकावून घेतोस. "आत जा. काढून दे." सगळे थांबलेले. मी आत जाऊन, अंगाला लुगडं गुंडाळून, दाराच्या फटीतून चोळी तुला देते. दार लोटलेलं. पलीकडे तू जमिनीवर बसलास हे मला आवाजावरून कळतं. दातानं दोरा तोडल्याचा आवाज येतो. मग तू बोलतोस.

"तुह्या मायची बाही अशीच फाटली होती. वडशाच्या बाजारात. नववा लागला होता तिले. म्या अंगावरच शिवली. ती म्हणे, काडी धरू काय जी दातात? म्या म्हटलं, राहू दे, दोन टाके त हायत." तिथं तू रडायला लागलास. "तिसऱ्या दिवशी गेली. म्या मारलं तिले, पोरी. कोनाले सांगतलं नाई आजवर."

खिडकीतून मला बंडी दिसत होती. धाकटा जुवावर चढून बसला होता. दहा वर्षांचा, गाल भरलेले, ऊस खात. बैल हाकायला कोणी शिकवलं नव्हतं तरी हाकण्याचा आव आणत होता. चाळीस संध्याकाळी त्याच्या अंगावर सुई चालली होती आणि तोंडात दिलेली एकेक काडी त्यानं थुंकून टाकली होती. मला फक्त एवढंच सांगायचं होतं. बाबा, तुझ्या पाच बंदांनी काही झालं नाही, मी त्याला अंगावर शिवत होते, आणि तो बघ, ऊस खातोय. आई बाळंतपणात गेली. तुझ्या दोन टाक्यांनी नाही गेली. शब्द तोंडाशी आले होते. बाहेरून कोणी ओरडलं, "झालं काय जी? बंडी थांबून राह्यली!" आणि मी म्हटलं, "बाही झाली काय, बाबा?"

दोन वर्षांनी तू गेलास. निरोप पोचून मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मशीनवर गोधडी घातलेली होती.

धाकटा आता सत्तरीच्या पुढे आहे. हिवाळ्यात स्वेटर घालत नाही म्हणून सुना मला फोन करतात. त्यालाही मी हे कधी सांगितलं नाही. हे पत्रही कुठं जाणार नाही. मशीन माझ्याकडेच आहे, तिच्या खणात गाठी मारलेले तुझे दोरे आहेत, त्यांच्याखाली ठेवीन.

पण एक राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा वेळ नव्हता, लोक खोळंबले होते, आणि तुझ्या झबल्याचा अभिमान मला मोडायचा नव्हता. खोटं आहे ते. तू बाहीला दुहेरी टाके घातलेस, तेवढा वेळ होता. ती चापट सतराव्या वर्षीही माझ्या गालावर होती, बाबा. दाराआडून तुझं रडणं ऐकताना मला, अगदी थोडा वेळ, बरं वाटलं होतं.