आतल्या दोरीवरचे कपडे

३ सप्टेंबर
तेलीबांध्याची जिम, सकाळची बायकांची बॅच. ट्रेनर मॅडमनी बाजूला घेतलं. "बुरा मत मानना, कपड़ों से स्मेल आ रही है. दो लोग बोले." म्हटलं, रोज धुते. "धुले हुए से ही आ रही है." अठरा तारखेपर्यंत सुधारलं नाही तर संध्याकाळची बॅच. त्या वेळी मी सिलतऱ्याला, प्लांटच्या लॅबमध्ये. म्हणजे जिम बंद.
डेडलिफ्ट पंचावन्न किलो. घरी सांगितलं नाही.

४ सप्टें.
आईला वासाचं सांगितलं. चूक.
"मंग जातेस काहून? घाम गाळायचा, अन् वरून लोकायचे बोलणे खायचे."

५ सप्टें.
आई शेवटच्या पाण्यात सुगंधी कंडिशनर ओतते, माझ्या कपड्यांना दुप्पट. त्याचा थर बसतो, आत घामाचं तेल तसंच. बंद केलं. आता कपडे उलटे करून अर्धा तास व्हिनेगरच्या पाण्यात, पावडर मोजून, दोनदा खळबळून.

९ सप्टें.
फरक आहे. पुरेसा नाही. अंग तापलं की दहा मिनिटांत परत.

११ सप्टें.
निखिलचा क्रिकेटचा टी-शर्ट. तेच कापड, तीच बादली. वास नाही. फरक एकच उरतो: भावाचा शर्ट गच्चीवर उन्हात, माझे कपडे आतल्या खोलीत, दारामागच्या दोरीवर, आईच्या परकराखाली. तेराव्या वर्षापासून. आधी लक्षात यायला हवं होतं. लॅबमध्ये अशी चूक मी दुसऱ्या कोणाला माफ केली नसती.

१२ सप्टें.
आई : "वर कारखान्याची काळी धूळ बसते."
"निखिलचा पांढरा शर्ट वर आहे."
"त्याचं वेगळं. समोरच्या आंटी दिवसभर गच्चीवर. तुझा तो तंग पायजमा पाहून काय म्हणतील?"
आमच्या बूढापाऱ्यात गच्च्या एकमेकींना लागून आहेत, हे खरं.
निखिल : "दीदी, छोड़ ना यार. मम्मी को टेंशन मत दे." अंगात तोच टी-शर्ट.

१४ सप्टें., रविवार
स्वतः वर टाकले. चार चिमटे. तीन तास ऊन. वास शून्य. तीनदा हुंगून पाहिलं.
आईनं जेवताना फक्त निखिलला वाढलं. बाबा पेपरात.

१५ सप्टें.
जिममध्ये मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, नाक मुरडलं नाही. चांगलं.
धुऊन, गच्चीवर टाकून प्लांटला गेले. रात्री परतले तर कपडे आतल्या दोरीवर, ओले. "ढग आले होते," आई. निखिलचे वरच.

१६ सप्टें.
पुन्हा आत. सकाळी कालचे, आत वाळलेलेच घालून गेले होते. मॅडम : "परसों तक."
आईला नीट सांगितलं, उन्हात वाळले नाहीत तर माझी जिम बंद होईल.
भाजी चिरत होती. मान वर केली नाही.
"हव. मले माहीत आहे."
माहीत आहे.

१७ सप्टें.
अर्धी रजा. तीन वाजता गच्चीवर गेले. कपडे होते, शेवटच्या दोरीवर. वरून आईची सुती साडी, दोन्ही काठांना माझेच चिमटे. साडी खडखडीत वाळलेली. खाली हात घातला. ओले.
साडी काढली, घडी केली, कठड्यावर ठेवली. आई जिन्यात आली. "झाक ते." समोरच्या आंटी बघत होत्या. मी हलले नाही. आई खाली गेली नाही, वरही आली नाही.
ऊन पाचपर्यंत. जिन्याचं दार लावून, त्याला पाठ टेकून लिहिते आहे. ती पलीकडे आहे. बांगड्या ऐकू येतात.