तीन खाचांची फळी

४ जानेवारी, रविवार

स्वतःच्या हातानं केलेलं, आजवर: घराचे सगळे दरवाजे. बायकोच्या, सुलभाच्या, शिलाई मशीनला मोटर. भात उफणायचा पंखा, भंगारातल्या स्कूटरच्या इंजिनावर. देवळातली घंटा टांगायची कमान. विहारातलं पुस्तकांचं कपाट, बिनखिळ्याचं. कुणाकडं शिकलो नाही.

आणि पाटावरची पाण्याच्या वाटणीची फळी. ऐनाचं लाकूड, तीन खाचा. वरची आळी, मधली आळी, खालची वाडी. ज्यांची जमीन जास्त त्यांची खाच रुंद. रिकामे तेलाचे डबे धारेखाली धरून, भरायला किती वेळ लागतो ते बघत बघत तासल्या.

दुबार भातासाठी काल कालव्याचं पाणी सुटलं. आज फळीपाशी जाऊन बसलो. तीन धारा, तिन्हींचा आवाज वेगळा. डोळे मिटून सांगेन कुठली कुणाची. पाण्याखालचं लाकूड उन्हात मधासारखं दिसतं. फळी बसवल्याला तिसरं वर्ष. तेव्हापासून पाळ्या नाहीत, राखण नाही, भांडण नाही. पाटावर चिटपाखरू नाही.

दुपार कधी झाली कळलं नाही. सु. जेवायला बोलवायला आली. "कुणाची वाट बघताय?"

कुणाची नाही म्हटलं.

७ जानेवारी, बुध.

खालच्या वाडीतला वामनदादा सकाळीच दारात. चहा घेतला नाही.

"आत्माराम, तुजी फळी आमाला कमी देते."

असं मला आजपर्यंत कुणी बोललं नव्हतं. डबा घेऊन गेलो, त्याच्यासमोर तिन्ही धारा मोजल्या. फळी बरोबर. अगदी बरोबर. मग पाटाच्या कडेनं खाली चालत गेलो. मधल्या आळीच्या पुढं पाट उरलाच नाहीय. गाळ, बेशरमाची झाडं, बाटल्या, कुणाची तरी गोधडी. पाणी तिथंच मुरतं. वामनदादाच्या शेताशी येईपर्यंत बोटभर. रोपं पिवळी पडायला लागलीत. महिनाअखेरपर्यंत लावणी झाली नाही तर गेली.

पूर्वी पाणी सुटायच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. फळी आल्यापासून कुणी आलं नाही. मीसुद्धा नाही.

वामनदादा म्हणाला, "चोरीच्या भीतीनं का व्हईना, माणसं पाटावर यायची."

९ जानेवारी

वरच्या आळीत फिरलो. घरटी एक माणूस द्या, एक दिवस.

"आमचं पाणी येतंय की रं."
"मजूर लाव, वर्गणी देतो."
"रविवारी माथेरानला पावणे न्यायचेत."

शेवटी जनाकाकी, आळीतली सगळ्यात म्हातारी, ओट्यावर वाल सोलत होती. म्हणाली, "तू फळी केलीस ना रं आत्म्या? आता माणसं कर."

सगळा ओटा हसला. मीही हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही.

११ जानेवारी, रवि.

मी आणि वामनदादा, दोघंच. दिवसभर उपसलं, अर्ध्या वाटेवरच्या जांभळाच्या झाडापर्यंतसुद्धा पोचलो नाही. कंबर.

दुपारी सावलीत पडलो तेव्हा अर्धवट झोपेत दिसलं: सगळं गाव म्हणजे त्या विहारातल्या कपाटासारखं. खिळा कुठंच नाही. एक फळी दुसरीला रेटतेय म्हणून दोन्ही उभ्या. मी एकेक सैल करत चाललोय, रंधा मारून, गुळगुळीत, कुणाला कुणाचं घासू नये म्हणून. आणि कपाट हळूहळू

वामनदादानं हलवलं. "घोरतोयस की."

१४ जानेवारी, संक्रांत

लोक तिळगूळ देऊन गेले. गोड बोला म्हणाले. पाटाचं कुणीच बोललं नाही.

सु.नं जुनी गोष्ट काढली. पाट उपसून झाला की तिथंच पोपटी लागायची. घराघरातून वालाच्या शेंगा, एकच मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वर पेंढा पेटवायचा. त्याआधी दिवसभर एकमेकांच्या आया-बहिणी काढलेल्या असायच्या. शेंगा सोलताना मात्र खालची वाडी, वरची आळी, सगळे मांडीला मांडी लावून. तो धूर आज दिवसभर नाकात आहे. दारात बसून होतो. कुठंच काही पेटलेलं नव्हतं.

१६ जानेवारी, शुक्र.

कडावच्या रस्त्याला बंगल्यांचे प्लॉट पडलेत, तिथला मॅनेजर आला. तरुण, नम्र. बूट बाहेर काढले. फळी बघून म्हणाला, "काका, हे तुम्ही केलं? इंजिनिअरची गरजच नाही." ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्याला चौथी खाच हवी. बंगल्यांच्या तळ्यासाठी. बदल्यात मधल्या आळीपासून खाली पाइप टाकून देतो म्हणतो. म्हणजे उपसायची भानगडच नाही, कुणी कधीच पाटावर यायला नको.

विचार करतो म्हटलं. वामनदादाला सांगितलं. पाइप म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. मग त्यानं विचारलं, "चौथी खाच कुणाच्या वाट्याची?"

फळी आहे तेवढीच रुंद. सगळ्यांचं थोडं थोडं जाणार. वरच्यांना कळणारही नाही.

१८ जानेवारी, रवि.

सकाळी फळी काढली. मीच बसवलेली, मीच काढली. खांद्यावरून घरी आणून ओट्यावर टेकवली.

पाणी सगळं वरच्या आळीच्या चारीत घुसलं. तासाभरात तिथली रोपं बुडाली, मधल्या आळीची चारी कोरडी. पाटावर ही गर्दी.

"आत्म्या, फळी कुठाय?"
"घरी."
"कशाला नेलीस?"
"वाळवतोय."

मग जे सुरू झालं. कुणाचा बांध कुणी कापला, कुणाच्या आज्यानं पाणी चोरलं. वामनदादा आला, त्याच्यावर चौघं धावले. त्यानं चौघांना ऐकवलं. जनाकाकी काठी टेकत आली आणि आल्या आल्या मला शिव्या. भांडता भांडता कुणी फावडं आणलं, पाणी वळवायला. वळवायचं तर गाळ काढायला लागतो. शिव्या देत देत जांभळाच्या पुढं बऱ्यापैकी मोकळा झाला पाट.

पाणी वामनदादाच्या रोपांना शिवलं. पुरेसं नाही, पण शिवलं.

मी काठावर बसून ऐकत होतो. कुणाचा आवाज कुठला, तेही डोळे मिटून ओळखता येतं मला.

२० जाने.

तीन जण विचारून गेले, फळी कधी बसवतोस. पाट शेवटपर्यंत उपसल्यावर, म्हटलं. एक जण थुंकून गेला. सु. म्हणते, गाव वाळीत टाकील. टाकायला तरी बसावं लागेल ना सगळ्यांना एकत्र, म्हटलं. ती हसली नाही.

२४ जानेवारी, शनि.

उद्या घरटी एक माणूस, असं देवळात ठरलं. माना हलल्या. माना हलवणं आणि येणं यातलं अंतर मला माहीत आहे. वामनदादानं अर्ध्या शेतात लावणी केली, बाकी अर्ध्याचं उद्यावर.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन. लोक येणार नाहीत काका, म्हणाला, तुम्ही कशाला झुरताय. चौथी खाच पाडून द्यायची, पाइपची देखरेख तुमच्याकडं, बोर्डावर तुमचं नाव. रोख दोन लाख, शिवाय महिना बारा हजार.

नको म्हटलं.