पळसाच्या पानांचा दत्तू

प्रिय शकू,

सासवडच्या गाडीवानानं तुझं पत्र आणून दिलं. वाचायला मला दोन दिवस लागले. तुझं अक्षर वाईट म्हणून नव्हे. मला वाचता येतं तेच मुळी हंड्या-कळश्यांवर नावं घालण्यापुरतं. चुन्यात काडी बुडवून मी अक्षर काढून द्यायची आणि तुझे आजोबा त्यावरून छिन्नी चालवायचे, ती माझी शाळा. तरी हे पत्र कुणा कारकुनाला सांगून लिहवून घेतलेलं नाही. यातलं काहीच परक्याच्या कानावर घालण्यासारखं नाही. अक्षरं हंड्यावरच्यासारखी थोराड आहेत, चालवून घे.

तू लिहितेस, जावईबापू फौजेची गळकी भांडी डागून, सांधून गुजरातेतून परत आले त्याला तीन महिने झाले, अजून ऐरणीला हात लावत नाहीत. ताट वाढलं तर ताटाकडं बघत बसतात. दार आपटलं तर दचकून भिंतीला चिकटतात. अंगात ताप नाही, कुठं जखम नाही. सासूबाई म्हणतात माजलाय, सासरे म्हणतात देवऋष्याकडं नेऊ. आणि तू म्हणतेस, आजी, तुझ्या जिभेला धार आहे, असे चार शब्द सांगून धाड की ऐकून ते ताडकन उभे राहतील. तेवढं वाचलं आणि मी कागद पालथा घातला. तांबट आळीत माझ्या जिभेचं नाव आहे, आणि ते मीही मिरवलं. पण तीच जीभ तू उसनी मागायला आलीस, तेव्हा मला तोंड लपवायला जागा पुरेना.

तुझा बाप दत्तू पानपताच्या फौजेबरोबर गेला तेव्हा तू दोन वर्षांची. तुझी आई तुझ्याच बाळंतपणात गेलेली. दत्तूही भांडी डागायलाच गेला होता. तुला मी सांगत आले की तो तिकडून आला आणि लगोलग काशीला निघून गेला. खोटं आहे ते. आल्यावर तो सहा महिने या घरात होता. सकाळी आळीत हातोडे सुरू झाले की कानात बोटं घालून माजघरात शिरायचा. तांबटाच्या पोराला ठोक्याची भीती! आळी हसली, आणि आळीच्या आधी मी हसले. एकदाच तो आपणहून बोलला. म्हणाला, आई, परतीच्या वाटेवर मी डागलेली भांडी होती गं सगळ्यांपाशी, पण पाणी कुठंच नव्हतं. माणसं रिकामी भांडी धरून मेली. मी काय म्हणावं? म्हटलं, इथं रांजण भरलाय, पी आणि कामाला लाग. त्यानंतर तो मला काही सांगायला आला नाही.

मी भ्याले होते, शकू. हे आज पहिल्यांदा लिहिते. नवरा गेलेला, सून गेलेली, पदरात तू, आणि घरातला एकुलता हात गळून बसलेला.  दुसरी एखादी रडली असती. मला रडणं ठाऊक नाही. भ्यालेलं कुत्रं चावतं, तशी मी चावत सुटले. उठता ऐतखाऊ, बसता नामर्द. बोलून झालं की घटकाभर मला बरं वाटायचं, पण त्याचं काय होत होतं ते मी बघितलं नाही.

मग खंडेनवमी आली. सगळ्या आळीनं ऐरणी धुतल्या, हातोड्यांना झेंडू वाहिला. दत्तू बाहेर येईना. मी कासाराकडून हिरव्या बांगड्या आणल्या, त्याच्या ऐरणीवर मांडल्या, वर हळदकुंकू वाहिलं, आणि चार लोकांसमोर हाक मारली, या हो सूनबाई, तुमची पूजा मांडलीय. आळी पोट धरून हसली. तो तुला कडेवर घेऊन बाहेर आला. बांगड्या बघितल्या. तुला हळूच खाली ठेवलं, बांगड्या उचलून फुटणार नाहीत अशा कोनाड्यात ठेवल्या, ऐरणीला नमस्कार केला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं लुटून आम्ही परत आलो तर घर रिकामं. मी आवई उठवली, काशीला गेला. आळीनं मानलं, कारण हसले तेही होतेच.

सात वर्षांपूर्वी लोणीची बायडाबाई वांगी विकता विकता मला म्हणाली, तुमच्या आळीचा एक मानूस हाय आमच्याकडं, पाणपोईवर बसतोय, लई गुणाचा हाय, पर ठोका ऐकला की पळतोय. मी तुला शेजाऱ्यांकडं ठेवलं, देवाला जाते म्हटलं आणि गाडी केली. सोलापूरच्या वाटेला कडूलिंबाखाली चार रांजण, आणि दत्तू. दाढी पिकलेली. मी पदर पुढं ओढून वाटसरूंत बसले, ओंजळ धरली. त्यानं पाणी घातलं आणि म्हणाला, सावकाश, आई, घाई नाही. बायडाबाई म्हणते तो सगळ्याच म्हाताऱ्यांना आई म्हणतो. मला ओळखलं की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी पाणी प्याले आणि तशीच गाडीत जाऊन बसले.

तो बरा झालाय असं समजू नकोस. बायडाबाईकडून मी खोदून खोदून विचारून घेत असते. काही दिवस तो उठतच नाही, लिंबाकडं तोंड करून पडतो. गाव त्याला हलवत नाही. त्या दिवशी दुसरं कुणी पाणी घालतं. मग कधीतरी उठतो आणि विहिरीवर जातो. गावच्या पाटलानं त्याला ऐरण देऊ केली होती, तर म्हणाला, भांडी घडवणं माझ्यानं होत नाही, मला ती भरू द्या. भीती त्याची गेली नाही, पण तिला बरोबर घेऊन तो रोज विहिरीवर जातो. मी त्याला लाजवून जे करू शकले नाही, ते लोणीकरांनी नुसतं जागा देऊन केलं.

आता सगळ्यांत वाईट ते सांगते. गेल्या वर्षी गुरुजी म्हणाले, बारा वर्षं वार्ता नाही, विधी करून मोकळ्या व्हा. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला दत्तू म्हटलं, चुलतभावानं अग्नी दिला. तू सासवडहून आलीस आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि मला ठाऊक होतं की त्याच वेळी तो पाच कोसांवर कुणाच्या ओंजळीत पाणी घालत असेल. तोंड उघडलं असतं तर थेट बांगड्यांपाशी जावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. जन्मभर नको तिथं बोलले, आणि बोलायचं तिथं गप्प राहिले.

तेव्हा जावईबापूंसाठी माझ्याकडं शब्द नाहीत. असते तरी दिले नसते. सासूबाईंना बांगड्या-बिंगड्या काही आणू देऊ नकोस, देवऋष्याला उंबरा ओलांडू देऊ नकोस. त्यांच्यापाशी बस. कामाला कधी लागता असं विचारू नकोस. अजून कशाची माया वाटते ते विचार, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. येत्या खंडेनवमीच्या आत त्यांना घेऊन लोणीला जा. सासवडहून एका दिवसाची वाट आहे, पाणपोई कुणीही दाखवील. त्यांना जे झालंय ते दत्तूला सांगावं लागणार नाही. आणि तू तुझ्या बापाला बघ. तेरा वर्षं तुझा बाप मी तुझ्यापासून चोरून ठेवला, तो परत करायला हे पत्र लिहिलंय. जावईबापूंचं निमित्त झालं. आळीच्या पंचांना मी उद्या स्वतः सांगणार आहे, मग वाळीत टाकोत नाहीतर काही करोत. दत्तूला माझी खुशाली आपणहून सांगू नकोस. त्यानं विचारली तरच सांग.

तुझीच, तोंड दाखवायला न धजणारी
आजी